अडीच फुटांचा रूळ, साडेपाच फुटांचा रूळ

पुलगावच्या स्टेशनावर एके काळी दोन मापांचे रूळ होते. एक मुंबई–हावडा मार्गाचा, साडेपाच फुटांचा. त्यावरून देशाच्या या टोकाच्या गाड्या त्या टोकाला जात, आजही जातात. दुसरा अडीच फुटांचा, पस्तीसेक किलोमीटरवरच्या आर्वीला जाणारा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तो 1917 साली सुरू झाला. आर्वीकडच्या काळ्या जमिनीतला कापूस मोठ्या मार्गापर्यंत आणायचा, हे त्याचं काम.

छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नाही. त्यामुळे आर्वीहून आलेली प्रत्येक गाठ पुलगावात खाली उतरवायची, मोजायची, वहीत नोंदवायची आणि हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढवायची. गाठ नीट बांधलेली नसेल तर इथेच सुटायची. नोंद चुकली तर माल मुंबईला कुणाच्या नावावर पोचेल याचा भरवसा नसायचा. कापसाचा भाव दूर लिव्हरपूलला ठरत असे. पण तो भाव आर्वीच्या शेतकऱ्याच्या हातात पडायचा की नाही, ते बरंचसं या उतरवण्या-चढवण्यावर अवलंबून होतं.

उच्च शिक्षण आणि जग यांच्या नात्याबद्दल लिहायचं तर मला सुरुवात याच फलाटावरून करावीशी वाटते. जागतिक विद्यापीठं, परदेशी पदव्या, आंतरराष्ट्रीय करार हे विषय निघाले की आपण लगेच पुणे-मुंबईची, फार तर लंडन-बोस्टनची भाषा बोलू लागतो. खरी परीक्षा मात्र रूळ बदलण्याच्या जागी होते. पुलगावच्या महाविद्यालयात बीए किंवा बीएस्सी करणारा मुलगा, नदीपलीकडून रोज येणारी मुलगी, यांच्या शिक्षणाची गाठ कुठे उतरते, कोण उचलतं आणि पुढच्या गाडीत ती चढते का?

*

वर्धा नदीच्या काठच्या या गावाच्या नावातच पूल आहे. नदी ही वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांची हद्द. अलीकडच्या काठावरची महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली, तर पलीकडची संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी. नागपूर विद्यापीठ 1923 चं, अमरावतीचं 1983 चं. म्हणजे पूल ओलांडला की विद्यापीठ बदलतं. वर्षानुवर्षं या पुलावरून दूध, भाजी, नवरी, नोकरदार सगळं सहज ये-जा करत आलं. विद्यार्थ्याचं अर्धं झालेलं शिक्षण मात्र सहज जात नव्हतं. पहिलं वर्ष इकडे केलेल्याला दुसऱ्या वर्षाला तिकडे जायचं असेल तर विषय जुळत नाहीत, पेपर जुळत नाहीत, पात्रतेचा दाखला आणा, स्थलांतराचा दाखला आणा. ऑस्ट्रेलियाशी करार करण्याआधी एका नदीच्या दोन काठांचा करार व्हायला हवा होता, असं मला अनेकदा वाटलं आहे.

अभ्यासक या विषयात दोन शब्द वेगळे ठेवतात, आणि ते वेगळे ठेवणं फार उपयोगाचं आहे. कॅनडाच्या जेन नाइट आणि अमेरिकेचे फिलिप आल्टबाख यांनी ते नेमकेपणानं मांडलं. जागतिकीकरण म्हणजे पैसा, तंत्रज्ञान, इंग्रजीचं वजन, नोकऱ्यांचा बाजार यांचा एकत्रित रेटा. तो विद्यापीठाला विचारून येत नाही. आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे त्या रेट्यापुढे विद्यापीठ स्वतः ठरवून जे करतं ते: कुणाला बोलवायचं, कुणाला पाठवायचं, काय शिकवायचं, कोणत्या भाषेत शिकवायचं. पाऊस आणि बांध यांतला हा फरक आहे.

विदर्भाला हा पाऊस नवा नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वर्ध्याच्या खोऱ्यावर पडली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्लंडच्या बाजारात झालं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. ज्या गावांनी मुंबई पाहिली नव्हती त्यांच्या उधारीचा हिशेब अटलांटिकपलीकडच्या युद्धावर ठरू लागला. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याची झळही इथल्याच घरांना बसली. पुढे पुलगावात कापडगिरणी उभी राहिली. गाठी नुसत्या पुढे न धाडता त्यांचं सूत आणि कापड गावातच होऊ लागलं. शिक्षणातही हेच दोन रस्ते असतात. एक, हुशार मुलं कच्च्या मालासारखी बाहेर पाठवायची आणि तयार ज्ञान चढ्या भावानं परत विकत घ्यायचं. दुसरा, ज्ञानाचं काही कापड इथेच विणायचं.

*

आता रूळ बदलण्याची यंत्रणा जवळून पाहू. तिचं आजचं नाव क्रेडिट.

युरोपात 1999 साली 29 देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी इटलीतल्या बोलोन्या शहरात एका घोषणेवर सह्या केल्या. प्रत्येक देशाची पदवी वेगळी, वर्षं वेगळी, गुणांची पद्धत वेगळी. ती एकमेकांत मोजता यावीत म्हणून त्यांनी एक सामाईक माप पसरवलं: पूर्ण वेळ अभ्यासाचं एक वर्ष म्हणजे 60 क्रेडिट. यात शिक्षक किती तास बोलला ते धरत नाहीत. तासाला बसणं, वाचन, प्रयोग, परीक्षा असे विद्यार्थ्याचे एकूण 25 ते 30 तास म्हणजे एक क्रेडिट. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सत्रात वर्गातले 15 तास, प्रयोगशाळेत असेल तर 30. दोन मापं वेगळी आहेत, हे विसरून चालत नाही. गाठ तीच असली तरी तराजू वेगळा आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे याचे दोन मोठे परिणाम दिसले. 2021 मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. विद्यार्थ्यानं कमावलेली क्रेडिट त्याच्या नावे जमा राहतात आणि नियमांत बसेल तिथे दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. पुलगावच्या पुलाचं कोडं निदान कागदावर तरी इथे सुटतं. दुसरा परिणाम चार वर्षांच्या पदवीचा. आपली बारावी आणि तीन वर्षांची पदवी मिळून 15 वर्षं होतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना पदव्युत्तर प्रवेशासाठी 16 वर्षांचं शिक्षण लागतं. एका वर्षाच्या या फरकापायी कितीतरी मुलांनी इथे एमए, एमएस्सीचं एक वर्ष काढून मगच अर्ज केला. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवी रचना 2024-25 पासून लागू झाली. तीन वर्षांना किमान 120 क्रेडिट, चार वर्षांना 160.

हे सगळं रुक्ष वाटतं याची मला जाणीव आहे. पण परदेशी अर्ज करणाऱ्या मुलाच्या हातातलं पाकीट एकदा पाहा. त्यात ट्रान्सक्रिप्ट असतं: सगळ्या सत्रांचे विषय, गुण, श्रेणी, क्रेडिट एका कागदावर आणलेली यादी. ते पाकीट विद्यापीठानं स्वतः बंद करायचं, पाकिटाच्या तोंडावर अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असा पडला पाहिजे की अर्धा शिक्का झाकणावर आणि अर्धा खालच्या कागदावर येईल. पाकीट मध्ये उघडलं तर शिक्का तुटतो आणि पाकीट बाद. अलीकडे बरंच काम संगणकावरून होतं, पण मुद्दा तोच राहतो. विषयाचं नाव अभ्यासक्रमात एक, गुणपत्रिकेत दुसरं आणि वेबसाइटवर तिसरं असेल तर समोरचं विद्यापीठ प्रश्न विचारतं. उत्तर यायला दोन महिने लागले तर प्रवेशाची तारीख टळते. त्या मुलाची बुद्धी कमी पडलेली नसते, इंग्रजीही कमी पडलेलं नसतं. गाठ फलाटावर पडून राहिलेली असते.

म्हणून एखादं विद्यापीठ किती आंतरराष्ट्रीय आहे हे मला जाणून घ्यायचं असेल तर मी करारांची संख्या आधी विचारणार नाही. ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत मिळतं, हे विचारीन.

*

पुलगावपासून रेल्वेनं तीसेक किलोमीटरवर वर्धा आहे. वर्ध्याइतक्या लहान शहरानं जगाशी शिक्षणाचं इतकं बोलणं केल्याचं दुसरं उदाहरण मला महाराष्ट्रात चटकन आठवत नाही.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला इथे शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नयी तालीम जन्माला आली. तिच्या आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन यांनी डॉक्टरेट बर्लिनमध्ये केली होती. सेवाग्रामला ती राबवणारे आर्यनायकम सिलोनचे, शांतिनिकेतनात टागोरांसोबत काम करून आलेले. मगनवाडीत ग्रामोद्योगाचं अर्थशास्त्र मांडणारे कुमारप्पा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. चरखा आणि तकली हातात घेणारी ही माणसं जगाला अनोळखी नव्हती. जग पाहूनच ती खेड्याकडे वळली होती. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. त्या आयोगावर आर्थर मॉर्गन होते, अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या विकास प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष.

याच वर्ध्यातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अर्थशास्त्राचे तरुण प्राध्यापक ठाकुरदास बंग पीएचडीसाठी अमेरिकेला निघाले होते. जाण्याआधी गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. अर्थशास्त्र शिकायचं असेल तर अमेरिकेऐवजी भारतातल्या खेड्यात जावं, असं गांधीजींनी त्यांना सुचवलं. बंग यांनी परदेशाचा विचार सोडला आणि विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात राहायला गेले.

अनेकजण ही गोष्ट इथेच थांबवतात आणि परदेशी शिक्षणाविरुद्धचा पुरावा म्हणून सांगतात. मला ती पुढच्या पिढीपर्यंत न्यावीशी वाटते. त्यांचा मुलगा अभय सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत शिकला, नागपुरात डॉक्टर झाला, आणि पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेला. 1984 मध्ये पदवी घेऊन दोघं परतले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. वडील गेले नाहीत, मुलगा गेला आणि परत आला. या दोन निर्णयांत मला विरोध दिसत नाही. दोघांच्याही मनात प्रश्न खेड्याचाच होता.

गडचिरोलीत तेव्हा बालमृत्यूंचं मोठं कारण न्यूमोनिया होतं. तो ओळखायची जागतिक खूण साधी होती: बाळाचा श्वास मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त चालला तर धोका. पण गावातल्या सुईणींना बारापुढे मोजता येत नव्हतं. तेव्हा त्यांच्यासाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं गेलं. त्यात मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून दहापर्यंत मोजायचं. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. बाकी काही पाठ करायचं नाही.

मोठ्या रुळावरचं ज्ञान छोट्या रुळावर इतक्या अचूकपणे उतरवल्याचं उदाहरण क्वचित सापडतं. पुढे गाडी उलट दिशेनेही गेली. गावातल्या स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत झाला. त्या गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. तो निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली, आणि 2011 पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या ते काम करू लागल्या. विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या एका आदिवासी जिल्ह्यातल्या संस्थेनं हे केलं. आपल्या विद्यापीठांनी हे उदाहरण करारनाम्यांच्या फायलींपेक्षा जास्त वेळा वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

*

वर्ध्याला नावातच ‘आंतरराष्ट्रीय’ असलेलं विद्यापीठही आहे. जानेवारी 1975 मध्ये नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं. अध्यक्ष होते मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. वर्ध्यात आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ व्हावं हा ठराव तिथे झाला. कायदा व्हायला 1997 उजाडलं. 22 वर्षं! आज महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात श्रीलंका, थायलंड, चीन अशा देशांतले विद्यार्थी हिंदी शिकायला येतात. त्याच आवारात चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच शिकवल्या जातात. विद्यापीठानं ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा साठा मोफत खुला केला. परदेशी विद्यार्थी आणण्यासाठी इंग्रजीच लागते, या समजुतीला हे विद्यापीठ रोज उत्तर देतं. पुलगावचा मुलगा सकाळच्या गाडीनं जाऊन चिनी शिकून संध्याकाळी घरी येऊ शकतो, ही सोय फार थोड्या गावांना आहे. ती आमच्या मुलांच्या कानावर किती पोचली, हा प्रश्न मला सतावतो.

परदेशी विद्यार्थी येणं म्हणजे नेमकं काय, हे पुण्यातल्या एका खिडकीशी कळलं होतं. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी रोज मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून कुणाला तरी काहीतरी देताना त्यांना दिसायची. चौकशी केली तेव्हा कळलं की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनं पडला आहे आणि ती त्याला जेवण आणून देते. परक्या देशात आजारी पडलेल्या मुलाकडे बघायला कुणी नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. 1971 मध्ये त्यांनी सिम्बायोसिस सुरू केलं ते परदेशी विद्यार्थ्यांना आधार म्हणून. विद्यापीठाचा दर्जा 2002 मध्ये आला. आधी डबा, मग पदवी. हा क्रम मला योग्य वाटतो.

देशाचं चित्र मात्र एकतर्फी आहे. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीत भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी 46,878 भरले, त्यांतले 28 टक्के नेपाळचे. आणि 2024 मध्ये परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी 13 लाखांच्या वर होते. वर्षं वेगवेगळी असली तरी ढोबळमानानं एक येतो तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस जातात. ही गळती रोखायला सरकारनं उलटा उपाय काढला: परदेशी विद्यापीठांनाच इथे आणायचं. नोव्हेंबर 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं त्याचे नियम जाहीर केले. जून 2025 मध्ये यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था यांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रं दिली गेली. त्यांना प्रवेश, शुल्क आणि शिक्षक ठरवण्याची मोकळीक आहे. पुलगावपासून ती सातशे किलोमीटरवर असतील, आणि शुल्काचं अंतर त्याहून मोठं असेल. त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. पण साडेपाच फुटांचा रूळ आणखी रुंद करून अडीच फुटांच्या रुळावरचा माल आपोआप चढत नाही.

त्यासाठी हात लागतात. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीनं बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले. त्याच मार्गावर आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या 75 विद्यार्थ्यांना दर वर्षी बाहेर पाठवते. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून निघून लंडनच्या सोआस विद्यापीठापर्यंत गेलेले राजू केंद्रे यांनी ‘एकलव्य’ संस्था उभी केली. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना ती अर्ज, निबंध, शिफारसपत्र हे सगळं हाताला धरून शिकवते. पुलगावच्या फलाटावरचे हमाल जे करत तेच हे काम आहे, आणि मी ते अत्यंत आदरानं म्हणतो.

ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांचं काय? बहुसंख्य तेच आहेत. स्वीडनमधल्या माल्मो शहरात 1998 मध्ये नवं विद्यापीठ निघालं तेव्हा त्याच्याकडे परदेशी करार नव्हते, पण शहरात स्थलांतरितांची दाट वस्ती होती. तिथल्या बेंग्ट निल्सन यांनी सुचवलं की जग शोधायला बाहेर कशाला, ते गल्लीतच आहे, त्यावर अभ्यासक्रम बांधू. पुलगावला लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे केरळपासून पंजाबपर्यंतची कुटुंबं पिढ्यानपिढ्या येत राहिली. रेल्वेनं आणखी आणली. कापसाची आजची किंमत न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराशी कशी जोडली आहे, हे वाणिज्य शाखेच्या मुलांनी बाजार समितीच्या आवारात उभं राहून शिकावं. त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. एक उत्साही शिक्षक आणि इंटरनेट पुरतं.

2024 च्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला बसलेली इथली तुकडी 2027 मध्ये तीन वर्षांची पदवी घेईल. चौथं, संशोधनाचं वर्ष करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत, आणि त्या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवेत. लहान गावाच्या महाविद्यालयात असे मार्गदर्शक मोजके असतात. ज्यांना नाही मिळणार ते 2027 च्या उन्हाळ्यात पुन्हा पुलगावच्या फलाटावर उभे राहतील, पाठीवर दप्तर, मोबाइलमध्ये जमा झालेली 120 क्रेडिट, आणि वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या गाडीची वाट पाहत.